आराखड्यात मुलांची नावं हवीत

प्राथमिक शाळा कशी चालली आहे, हे सांगण्याची आपली एक ठरलेली पद्धत आहे. पट किती, शिक्षक किती, खोल्या किती, शिष्यवृत्तीला किती मुलं लागली, भिंती रंगवल्या का, स्मार्ट टीव्ही आला का. या सगळ्या गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पण त्या सगळ्या मोजून झाल्यावरही एक प्रश्न उरतो: या शाळेतल्या प्रत्येक मुलाला वर्षभरात नवं काय येऊ लागलं?

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेनं आपल्या वर्षाचा हिशेब कसा मांडावा, पुढच्या वर्षाचा आराखडा कसा करावा आणि पालकांनी त्यात कुठे लक्ष घालावं, हे या लेखात क्रमानं मांडलं आहे. सगळ्याच्या मुळाशी एकच आग्रह आहे. आराखडा ‘विद्यार्थ्यांचा’ नसावा, तो एकेका मुलाचा असावा. कोणतं मूल, आज कुठे आहे, त्याला कुठवर न्यायचं, कधीपर्यंत आणि ते कोण करणार, एवढं ज्यात लिहिलेलं नाही तो कागद दप्तरात राहतो, वर्गात उतरत नाही.

कायदा काय सांगतो

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. कलम २२ नुसार ही समिती शाळा विकास आराखडा तयार करते. म्हणजे हा आराखडा एकट्या मुख्याध्यापकांनी रात्री बसून भरायचा तक्ता नाही. तो पालकांचा कायदेशीर अधिकार आहे आणि जबाबदारीही.

केंद्र सरकारच्या २०१० च्या नमुना नियमांनुसार हा आराखडा तीन वर्षांचा असतो आणि त्यात दरवर्षाचा एकेक उपआराखडा असतो. वर्गवार पटाचा अंदाज, लागणारे शिक्षक, लागणाऱ्या भौतिक सुविधा आणि लागणारा जादा निधी अशा गोष्टी त्यात मांडायला सांगितल्या आहेत. त्यामुळे आराखड्यात खोली, कुंपण, स्वच्छतागृह आपोआप येतं. मुलाचं वाचन आपोआप येत नाही, ते आणावं लागतं.

ते आणायला आधारही त्याच कायद्यात आहे. कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. त्यात प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासणं आणि गरजेप्रमाणे त्याला जादा शिकवणं हे स्पष्ट लिहिलं आहे. पालकांच्या नियमित सभा घेऊन त्यांना मुलाची हजेरी, शिकण्यातली प्रगती सांगणंही त्यातच येतं. कायद्याची भाषाच ‘प्रत्येक मूल’ अशी आहे. आराखड्याची भाषा त्याहून ढोबळ असून कशी चालेल?

शाळेचं वर्ष आणि तपासणीचे थांबे

महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा. पहिलं सत्र दिवाळीच्या सुट्टीपर्यंत, दुसरं एप्रिलअखेरपर्यंत. पहिली ते पाचवीसाठी वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हावं, असं कायद्याच्या अनुसूचीत आहे.

राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यात वर्षभर चालणारं आकारिक मूल्यमापन आणि सत्राच्या शेवटी होणारं संकलित मूल्यमापन असे दोन भाग. पहिली-दुसरीला आकारिकचा भार ७० टक्के, तिसरी-चौथीला ६० आणि पाचवीला ५०. लहान मुलाला एका दिवसाच्या पेपरवर तोलू नये, हा त्यामागचा विचार. अलीकडे त्यात नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांची भर पडली. तिसरीपासून पुढच्या वर्गांना सुरुवातीला पायाभूत चाचणी आणि नंतर दोन संकलित चाचण्या, प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी या विषयांच्या. पाचवी आणि आठवीला २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा आणि गरज पडल्यास पुनर्परीक्षाही आली.

म्हणजे तपासणीचे थांबे पुरेसे आहेत. अडतं ते पुढे. चाचणी झाली, गुण पोर्टलवर भरले, पेपर गठ्ठा बांधून कपाटात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पुढचा पाठ सुरू झाला, तर त्या चाचणीचा मुलाला काहीच उपयोग झाला नाही. जुलैतल्या चाचणीनंतर ऑगस्टच्या वेळापत्रकात काय बदललं, हे सांगता आलं पाहिजे.

पहिली पायरी: मूल आज कुठे आहे

लेखी चाचणीची एक मर्यादा आहे. ज्याला वाचताच येत नाही त्याला प्रश्नपत्रिका फक्त शून्य देते, आणि शून्यातून शिक्षकाला काही कळत नाही. म्हणून लेखीच्या जोडीला एकेका मुलाला जवळ बसवून तोंडी तपासावं लागतं. २००५ पासून देशभरातल्या गावांत होणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणात वापरलं जाणारं साधन यासाठी अगदी सोपं आहे. एका कागदावर चार गोष्टी असतात: सुटी अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट.

सुरुवात परिच्छेदापासून करायची. मुलानं तो ओघानं वाचला तर गोष्ट द्यायची. अडखळलं तर शब्दांकडे यायचं आणि पाचांपैकी चार शब्द नीट आले तर ते शब्द पातळीवर आहे असं धरायचं. नाही आले तर अक्षरं दाखवायची. एका मुलाला पाचेक मिनिटं लागतात.

तेवढ्या वेळात कान देऊन ऐकलं तर बरंच कळतं. चौथीतला एखादा मुलगा ‘कमळ’, ‘पाणी’, ‘बदक’ झरझर वाचतो. ‘प्रकाश’ आला की थांबतो, ‘प’ म्हणतो, मग ‘र’ म्हणतो आणि शिक्षिकेकडे बघतो. त्याला अक्षरं येतात, काना-मात्रा येतात, जोडाक्षर येत नाही. त्याच वर्गातली एखादी मुलगी सगळा परिच्छेद एका सुरात वाचून टाकते. पण ‘गाय कुठे गेली होती?’ असं विचारलं की तिला सांगता येत नाही. दोघांच्या पेपरात गुण कदाचित सारखेच पडले असतील, पण दोघांना लागणारी मदत अगदी वेगळी आहे. त्याला जोडाक्षरांचा सराव हवा, तिला वाचता वाचता गप्पा हव्यात.

समजा, एका शाळेचा पट ४२ आहे आणि त्यातली २६ मुलं तिसरी ते पाचवीत आहेत. तपासल्यावर चार मुलं अक्षरावर, सहा शब्दावर, सात परिच्छेदावर आणि नऊ गोष्टीवर निघाली. सव्वीस मुलांना पाच मिनिटांप्रमाणे दोन तास दहा मिनिटं लागतात. वर्षाच्या आठशे तासांतले एवढेच दिले की शाळेच्या हाती असा तक्ता येतो, ज्यावर पुढचे आठ महिने उभे राहू शकतात.

चूक वाचायला शिकणं

गणितात तर मुलाची चूकच सगळं सांगते. ५२ मधून २७ वजा करा असं सांगितल्यावर अनेक मुलं ३५ लिहितात. शिक्षक लाल फुली मारतो आणि पुढे जातो. पण हे ३५ आलं कुठून? मुलानं एककाच्या घरात ७ मधून २ वजा केले आणि ५ लिहिले, दशकाच्या घरात ५ मधून २ वजा केले आणि ३ लिहिले. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, असा नियम त्यानं स्वतःच बनवला आहे आणि तो इमानेइतबारे पाळला आहे. त्याला वजाबाकी येते. ५२ म्हणजे पाच दशक आणि दोन एकक, आणि एक दशक मोडून दहा एकक करता येतात, हे त्याला अजून उमगलेलं नाही.

या मुलाला अशीच आणखी वीस उदाहरणं फळ्यावर दिली तर तो वीस वेळा तीच चूक करेल. त्याच्यापुढे काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवा आणि सत्तावीस काड्या मागा. सुट्या दोनच आहेत, सात द्यायच्या आहेत. एक गठ्ठा सोडावाच लागतो. गठ्ठ्याचं रबर काढताना त्याला जे कळतं ते ‘हातचा घ्या’ असं सांगून कळत नाही.

हा प्रश्न एखाद्या शाळेचा नाही. डिसेंबर २०२४ मध्ये देशभर झालेल्या ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षणात तिसरीची ५८ टक्के मुलं दोन अंकी संख्यांची बेरीज-वजाबाकी करू शकली आणि ५५ टक्के मुलांना ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमानं लावता आल्या. स्थानिक किंमत कच्ची राहिली की पुढे गुणाकार, भागाकार, दशांश सगळं डगमगतं. म्हणून आराखड्यात ‘गणितात मागे’ असं लिहू नये, ‘हातच्याची वजाबाकी येत नाही’ असं लिहावं. मदत कोणती करायची हे त्यातच सांगितलेलं असतं.

ध्येय किती आणि केव्हापर्यंत

५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानानं २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला वाचन आणि गणनाचं पायाभूत कौशल्य यावं असं ठरवलं आहे. त्यातले टप्पे आराखड्यासाठी थेट वापरता येतात. पहिलीच्या अखेरीस चार-पाच सोप्या शब्दांची अनोळखी वाक्यं वाचणं आणि ९९ पर्यंतच्या संख्या. दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचणं आणि ९९९ पर्यंतच्या संख्या. तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द, ९९९९ पर्यंतच्या संख्या आणि सोपे गुणाकार. यातला ‘समजून’ हा शब्द सुटता कामा नये. घड्याळ लावून नुसता वेग मोजला तर मुलं वेगच शिकतील.

राष्ट्रीय ध्येय शाळेच्या भिंतीवर लिहिणं सोपं आहे. शाळेचं स्वतःचं ध्येय मात्र तिच्या तक्त्यातून निघावं लागतं. ‘विद्यार्थ्यांची वाचनक्षमता वाढवणे’ हे वाक्य कोणत्याही शाळेच्या, कोणत्याही वर्षाच्या आराखड्यात बसेल, म्हणूनच ते निरुपयोगी आहे. त्याऐवजी असं लिहावं: ‘शब्द पातळीवरची सहा मुलं दिवाळीच्या सुट्टीपर्यंत परिच्छेद वाचू लागतील. रोज परिपाठानंतर एक तास. जबाबदारी वर्गशिक्षिकेची. दर शनिवारी पडताळणी. मुलांची नावं सोबतच्या यादीत.’

ही यादी शिक्षकांच्या वहीत आणि त्या त्या पालकांसमोर असावी. ती फलकावर लावू नये आणि सभेत वाचून दाखवू नये. गावासमोर आकडे ठेवावेत, नावं नाहीत. ‘ढ’ म्हणून चारचौघांत नाव घेतलेलं मूल वाचनापासून आणखी दूर जातं.

रोजचा एक तास पातळीनुसार

पाचवीच्या वर्गात अक्षर पातळीवरचं मूलही असतं आणि गोष्टीची पुस्तकं फस्त करणारंही. दोघांसमोर पाचवीचं पुस्तक उघडून एकच पाठ शिकवला तर पहिल्याला काही कळत नाही आणि दुसरं कंटाळतं. यावर सर्वांत जास्त पारखलेला उपाय म्हणजे दिवसातला ठरावीक वेळ इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार गट करणं.

या उपायाची मुळं मुंबईत आहेत. ‘प्रथम’ ही संस्था १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत सुरू झाली. तिच्या ‘बालसखी’ कार्यक्रमात मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळं घेऊन वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी अक्षरओळख आणि अंकओळख पक्की करून घ्यायची. अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात त्याचा अभ्यास केला. मुलांचे गुण वाढले आणि सर्वाधिक फायदा सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला. याच दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्टही शाळांनी ध्यानात ठेवावी. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात ही वाढ बरीचशी ओसरली. दोन महिन्यांचं अभियान राबवून मूल कायमचं सावरत नाही, सराव चालू ठेवावा लागतो.

शाळेत हे करायला वेगळं बजेट लागत नाही. रोज एक तास म्हणजे वर्षाचे २०० तास, एकूण अध्यापनाचा चौथा हिस्सा. त्या तासात अक्षर-शब्दाचा गट, परिच्छेदाचा गट आणि गोष्टीचा गट वेगवेगळे बसतात. गट कायमचे नसतात. दर पंधरवड्याला तपासून मूल पुढच्या गटात सरकतं, आणि ते सरकणं मुलालाही कळतं. ‘मी आता गोष्टीत’ हे वाक्य कोणत्याही श्रेणीपेक्षा त्याला जास्त आनंद देतं.

दोन शिक्षक, पाच वर्ग

कायद्यानुसार प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. त्यामुळे वाड्या-वस्त्यांवरच्या असंख्य शाळा द्विशिक्षकी आहेत. एका शिक्षकाकडे दोन किंवा तीन वर्ग असतात. त्यातला एक जण केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेला, प्रशिक्षणाला किंवा मतदार यादीच्या (बीएलओच्या) कामाला गेला की उरलेल्या एकावर सगळी शाळा येते. पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती या कामांना तर सुट्टीच नसते. कलम २७ नं जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामांना मनाई केली आहे, पण ही अपवादातली कामंही कमी वेळ खात नाहीत. प्रामाणिक आराखड्यात हे दिवस आधीच वजा धरलेले असतात. सगळे दोनशे दिवस दोन्ही शिक्षक हजर असतील असं धरून केलेलं नियोजन ऑगस्टमध्येच कोलमडतं.

द्विशिक्षकी शाळेची एक जमेची बाजूही आहे. तिथे वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्रच बसतात, त्यामुळे पातळीनुसार गट करायला भिंत मोडावी लागत नाही. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांसाठीच्या पुरस्काराच्या अंतिम यादीत पोचली, तेव्हा तिथल्या ‘विषयमित्र’ पद्धतीची बरीच चर्चा झाली. तिथे मुलंच एकमेकांना शिकवतात. ज्याला एखादी गोष्ट येते तो ती येत नसलेल्याला समजावतो. समजावणाऱ्याचंही पक्कं होतं, ऐकणाऱ्याची भीड कमी होते आणि शिक्षकाला सर्वांत जास्त गरज असलेल्या चार मुलांजवळ बसायला वेळ मिळतो.

तक्त्यात न दिसणारी मुलं

कोणत्याही तपासणीत हजर मुलंच मोजली जातात. चाचणीच्या दिवशी कोण नव्हतं, हा शाळेच्या प्रगतीचा सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

बीडसारख्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं चार-पाच महिने शाळेपासून तुटतात. अशा शाळेचं वर्ष जून ते ऑक्टोबर एवढंच आहे असं धरून आराखडा करावा लागतो. पायाभूत तपासणी जूनमध्येच उरकायची, पहिल्या सत्रात जास्तीत जास्त वेळ वाचनाला द्यायचा. हंगामी वसतिगृहाची सोय असेल तर पालकांशी सप्टेंबरमध्येच बोलायचं, म्हणजे मूल आजी-आजोबांजवळ गावात राहू शकेल. जाणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यायचं आणि त्याची वाचन पातळी लिहून द्यायची, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेतल्या शिक्षकाला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

दुसरी मुलं आहेत घरची भाषा वेगळी असलेली. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारमध्ये भिलोरी आणि पावरी बोलणारं मूल पहिलीत येतं तेव्हा पुस्तकातली मराठी त्याला परकी असते. ते गप्प बसतं, आणि गप्प बसण्याला आपण ‘येत नाही’ असं समजतो. अशा शाळेच्या आराखड्यात पहिल्या काही महिन्यांत मुलाच्या भाषेतल्या गोष्टी, गाणी, वस्तूंची नावं आणि ती भाषा जाणणाऱ्या आई-आजीची मदत लिहिलेली असायला हवी.

तिसरी मुलं दिव्यांग किंवा शिकण्यात विशिष्ट अडचण असलेली. पातळी न हलणाऱ्या मुलाची आधी नजर आणि कान तपासावेत, मग त्याला आळशी म्हणायचं की नाही ते ठरवावं. फळ्यावरचं न दिसणाऱ्या मुलाला चष्मा मिळाल्यावर त्याचं वाचन सुधारतं, हे शिक्षकांना अनुभवानं माहीत आहे. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विषयतज्ज्ञांना कोणत्या मुलासाठी, कोणत्या महिन्यात बोलवायचं, हेही आराखड्यात यावं.

पैसा किती आणि कशावर

समग्र शिक्षा अभियानाच्या चौकटीत शाळेला पटानुसार एकत्रित अनुदान मिळतं. ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. आपल्या उदाहरणातल्या ४२ पटाच्या शाळेत मुलामागे वर्षाला सहाशे रुपयेही पडत नाहीत. त्यात वीजबिल, खडू, दुरुस्ती, नोंदवह्या सगळं आलं.

एवढ्या थोड्या पैशांत काय आधी घ्यायचं, याचं उत्तर तक्त्यात आहे. दहा मुलं अक्षर-शब्दावर अडकली असतील तर मोठ्या अक्षरातली, चित्रांची, दोन-दोन ओळींची पुस्तकं लागतील. वजाबाकी अडली असेल तर काड्या, मणी, खोट्या नोटा लागतील, आणि त्या जवळजवळ फुकट मिळतात. लोकवर्गणीतून गाव शाळेला काही देऊ पाहत असेल तेव्हा समितीनं हीच यादी पुढे करावी. पुस्तकं कपाटात कुलूपबंद राहणार असतील तर मात्र ती न घेतलेली बरी. फाटली तर फाटली, पण वाचली गेली पाहिजेत, असा ठराव समितीनं करून शिक्षकांच्या मनावरचं ओझं उतरवावं.

घराचा वाटा

शिकलेले पालकच मुलाला मदत करू शकतात, हा समज खोडून काढण्यासारखा आहे. राज्यात २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू झालं आणि गावोगाव मातांचे गट तयार झाले. त्यातलं काम साधं आहे. भाजी निवडताना शेंगा मोजायला लावणं, चपात्यांचे लहान-मोठे आकार ओळखायला लावणं, मुलानं वाचलेली गोष्ट त्याच्याकडून ऐकणं. ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही तिलाही गोष्ट ऐकता येते आणि ‘मग पुढं काय झालं?’ असं विचारता येतं. मूल कुणासाठी तरी वाचतं आहे, ही भावना त्यातून तयार होते.

मुलांनी गावासमोर वाचून दाखवायचं, त्या चावडी वाचनाचाही मोठा उपयोग आहे, जर ते मुलांच्या कौतुकासाठी असेल तर. निवडक हुशार मुलांना पाठ करून आणलेला उतारा गावासमोर म्हणायला लावला तर टाळ्या मिळतील, माहिती मिळणार नाही. प्रत्येक मुलाला त्याच्या पातळीचं वाचायला द्यावं, आणि शब्द वाचणाऱ्या मुलालाही तितक्याच टाळ्या मिळाव्यात.

आकडे कसे वाचावेत

छोट्या शाळेत टक्केवारी फसवते. समजा, गेल्या वर्षी तिसरीत १५ मुलं होती, १२ गोष्ट वाचत होती. म्हणजे ८० टक्के. यंदा १२ मुलं आहेत, ९ वाचतात. म्हणजे ७५ टक्के. कागदावर पाच टक्क्यांची घसरण दिसते, पण न वाचणारी मुलं दोन्ही वर्षी तीनच आहेत. शिवाय गेल्या वर्षीची तिसरी आणि यंदाची तिसरी ही वेगळी मुलं आहेत. खरी तुलना त्याच मुलाच्या जूनमधल्या आणि एप्रिलमधल्या वाचनाची.

मोठी सर्वेक्षणं राज्याची, जिल्ह्याची दिशा दाखवतात. ‘असर’नुसार ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०१८ मध्ये २०.९ टक्के होती, कोविडच्या बंद शाळांनंतर २०२२ मध्ये १६.३ टक्के झाली आणि २०२४ मध्ये २३.४ टक्क्यांवर पोचली. सरकारी शाळांतल्या शिक्षकांनी दोन वर्षांत केलेली ही वाढ अभिमानाची आहे, आणि चारांतली तीन मुलं अजून मागे आहेत हेही तितकंच खरं आहे. पण ही सर्वेक्षणं नमुन्यावर असतात. आपल्या शाळेचं काय, हे त्यातून कळत नाही. ते आपणच तपासायचं.

तपासताना एक पथ्य पाळावं. शिक्षकानं स्वतःच्या वर्गाची पातळी स्वतःच जाहीर करण्यापेक्षा केंद्रातल्या शेजारच्या शाळेतल्या शिक्षकानं वर्षातून एकदा ती तपासावी. आणि अधिकाऱ्यांनी, पत्रकारांनी, गावानं कमी आकडा सांगणाऱ्या शाळेला झोडपू नये. २०१५ पासून प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमात शाळा ‘प्रगत’ घोषित करण्याची लाट आली. तिच्यातून अनेक शाळांनी खरोखर काम केलं. पण जिथे घोषणेची घाई झाली तिथे मागे पडलेलं मूल झाकलं जाण्याचा धोकाही होता. शंभर टक्के असं लिहून मोकळ्या होणाऱ्या शाळेपेक्षा ‘आमची दहा मुलं अजून वाचत नाहीत’ असं सांगणारी शाळा मुलांच्या जास्त जवळ आहे.

पालकांनी सभेत विचारायचे प्रश्न

१. माझं मूल आज अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी कुठे आहे? जूनमध्ये कुठे होतं?
२. गणितात त्याला नेमकं काय अडतं? त्याची वही दाखवून सांगाल का?
३. शाळेतली किती मुलं अक्षर-शब्दावर आहेत आणि त्यांच्यासाठी रोज किती वेळ ठेवला आहे?
४. चाचणीच्या दिवशी कोण गैरहजर होतं आणि त्यांची तपासणी केव्हा झाली?
५. गेल्या आराखड्यातलं काय झालं, काय राहिलं, आणि राहिलेलं का राहिलं?
६. अनुदानातला किती पैसा मुलांच्या हातात पडणाऱ्या वस्तूंवर गेला?
७. आम्ही घरी काय करावं, एकच गोष्ट सांगा.

हे प्रश्न शिक्षकाला कोंडीत पकडण्यासाठी नाहीत. ज्या शिक्षकाकडे तक्ता आहे त्याला असे प्रश्न विचारलेले आवडतात, कारण तेव्हाच त्याचं खरं काम लोकांना दिसतं. शिक्षक कमी आहेत, बदल्या वर्षाच्या मध्यावर झाल्या, महिना ऑनलाइन कामात गेला, या त्याच्या अडचणीही याच सभेत मांडल्या जाव्यात आणि समितीनं त्या लेखी ठरावानं गटशिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत न्याव्यात.

प्रत्येक गावात १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला ग्रामसभा होते. ऑगस्टपर्यंत पायाभूत तपासणी झालेली असते, जानेवारीपर्यंत पहिल्या सत्राचं काम हाती आलेलं असतं. या दोन्ही सभांच्या विषयपत्रिकेत रस्ता, पाणी, घरकुल यांच्या जोडीला शाळेतल्या वाचनाचा एक विषय घालून घेणं समितीच्या हातात आहे. किती मुलं कोणत्या पातळीवर होती, आता किती आहेत, उरलेल्यांसाठी काय ठरलं: एवढी तीन वाक्यं मुख्याध्यापकांनी उभं राहून सांगावीत आणि गावानं ती ऐकून घ्यावीत. त्याला पाच मिनिटं पुरतात. ज्या गावाला आपल्या न वाचणाऱ्या मुलांचा आकडा पाठ असतो, ते गाव तो आकडा फार काळ तसाच राहू देत नाही.